सहीआधी निवेदन एकदा नीट वाचा

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका पालकांचं पत्र आलं आहे. गाव आणि शाळा ओळखू येईल असा मजकूर गाळून ते थोडक्यात देते.

"बाई, सा. न. वि. वि. मी तालुक्याच्या पश्चिमेकडचा. दोन एकर भात आणि चार म्हशी. मुलगी आठवीत आहे, गावच्या हायस्कूलमध्ये. शाळा सरकारी, मराठी. मंडळ चालवतं, मास्तरांचा पगार सरकार देतं. पीटीचे सर रिटायर झाल्यापासून त्यांच्या जागी कुणी आलं नाही, गणिताचे सरच शिट्टी घेऊन उभे राहतात. तरी आमच्या पोरींनी झोनला खो-खो मारला. तालुक्याला फायनलमध्ये एका खासगी इंग्लिश मीडियमच्या शाळेनं डाव राखून हरवलं. त्यांच्या संघातल्या तीन मुली मागच्या वर्षापर्यंत आमच्या आसपासच्या हायस्कुलांत होत्या. फी माफ करून, हॉस्टेलात ठेवून त्यांना नेलं. आमच्या पोरी टेम्पोत रडत आल्या. आता पालकांनी बैठक घेऊन निवेदन लिहिलंय की खासगी शाळांच्या आणि सरकारी शाळांच्या स्पर्धा वेगळ्या घ्याव्यात. बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) साहेबांना द्यायचं आहे. सगळ्यांच्या सह्या झाल्या, माझी राहिलीय. कारण असं की फायनलनंतर चार दिवसांनी त्याच शाळेचे सर आमच्या घरी आले होते. मुलीला नववीला आमच्याकडे पाठवा म्हणाले, फी नाही, राहणं-जेवण फुकट. बायको म्हणते पाठवूया. सही करून पोरगी तिथंच धाडली तर गाव तोंडात शेण घालेल. नाही केली तर आत्ताच विचारायलेत, तुमची सही का नाही म्हणून. आणि मुळात वेगळ्या स्पर्धा असाव्यात की नाही, ते तुम्हीच सांगा. — एक पालक"

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी माझंच डोकं तापलं. ३१ वर्षं मी पीटी शिकवली आणि त्यातली बरीचशी खो-खोच्या पोरींमागं धावण्यात गेली. आपण तयार केलेली पोर दुसऱ्याची जर्सी घालून आपल्याच पोरींना बाद करताना बघणं म्हणजे काय असतं, ते मला वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या वेळी वाचताना मात्र तुमच्या एका वाक्याशी अडले. शाळा सरकारी, चालवतं संस्थेचं मंडळ, पगार सरकारचा. अहो, मग ती सरकारी नव्हे. ती खासगी अनुदानित शाळा झाली. सरकारी शाळा म्हणजे इमारत, जागा, शिक्षक, सगळंच सरकारचं. विनाअनुदानित म्हणजे सगळं पालकांच्या फीवर. तुमची या दोन्हींच्या मधली. पगारापुरतं सरकार, बाकी सगळं मंडळाच्या गळ्यात.

हा घोटाळा आपल्याकडं घरोघरी आहे. गावात सातवीपर्यंत सरकारी मराठी शाळा आणि आठवीपासून मंडळाचं हायस्कूल, ही बेळगाव-खानापूर-निपाणीकडची नेहमीची रीत. जुन्या माणसांनी भात-नाचणी गोळा करून, कुणी जागा देऊन, कुणी डोक्यावरून चिरे वाहून ही हायस्कुलं उभी केली. म्हणून गावाला ती आपली वाटतात आणि 'खासगी' हा शब्द त्यांना लावायला जीभ वळत नाही. खासगी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टाय, पिवळी बस आणि डोनेशन येतं. पण ऑफिसातल्या फायलीत टाय दिसत नाही. तिथं व्यवस्थापन कुणाचं एवढंच बघतात.

आता असं धरून चला की साहेबांनी तुमचं निवेदन जसंच्या तसं मंजूर केलं. पुढच्या वर्षी तालुक्याला दोन गट पडले. 'सरकारी' गटात सरकारी हायस्कुलं, आणि त्यांच्यासोबत मोरारजी देसाई निवासी शाळाही, कारण ती सरकारचीच. तिथली मुलं शाळेतच राहतात, पहाटे उठून मैदानात असतात. दुसरा गट 'खासगी'. त्यात ती इंग्लिश मीडियमची शाळा, आणि तिच्या शेजारी तुमची. म्हणजे ज्यांच्यापासून सुटायला निवेदन दिलं, त्यांच्याच दावणीला तुम्ही बांधले गेलात, आणि झोनला ज्यांना हरवून वर आलात ती सरकारी हायस्कुलं तिकडं गेली. निवेदनं लिहिण्यात सीमाभागाचा हात कुणी धरणार नाही, १९५६ पासूनचा सराव आहे आपला. पण स्वतःच्या पायावर धोंडा पाडणारं निवेदन लिहू नये एवढं तरी इतक्या वर्षांत आपण शिकायला हवं होतं.

आणखी एक अडचण. तालुक्याला दोन विजेते काढले तर जिल्ह्याला कुणाला पाठवायचं? दोघांनाही पाठवलं तर आज तालुक्याला झालेला सामना उद्या जिल्ह्याला होईल, परवा विभागाला. कधीतरी ते समोर येणारच. वर राष्ट्रीय शालेय स्पर्धेत तर शाळा नसतेच, राज्याचा संघ असतो. १७ वर्षांखालच्या संघात निवड व्हायची तर निवड करणाऱ्यांनी तुमच्या पोरीला चांगल्या संघाविरुद्ध पळताना बघायला हवं. वेगळ्या गटात दुबळ्या संघाविरुद्ध तिनं दहा गडी मारले तरी ते म्हणणार, समोर होतं कोण?

वेगळं होण्याची ज्यांना खरी हौस होती ते तर कधीच वेगळे झालेत. सीबीएसईच्या शाळांच्या आपल्या आपल्यात स्पर्धा होतात आणि राष्ट्रीय शालेय स्पर्धेत त्यांचा स्वतंत्र संघ उतरतो. केंद्रीय विद्यालयांचं तेच, नवोदयचं तेच. तुमची भांडणं राहिली राज्याच्या अभ्यासक्रमाच्या शाळांची, आणि त्यात खासगी म्हणजे टायवाले आणि चिरेवाले दोन्ही.

हे भांडण आपलंच आहे असंही समजू नका. माझा पुतण्या शिकागोजवळ राहतो. तिथंही हायस्कूलच्या खेळांवरून लोक एकमेकांच्या उरावर बसतात. टेक्सासात खासगी शाळांची स्पर्धा जवळजवळ पूर्णच वेगळी. पुतण्याच्या इलिनॉयमध्ये एकत्र खेळतात, पण ज्या शाळेला हद्द नाही, म्हणजे कुठूनही पोरं घेता येतात, तिची पटसंख्या १.६५ ने गुणतात आणि तिला आणखी मोठ्या शाळांच्या गटात टाकतात. २००५ पासून हे चालू आहे. मला त्यातलं टेनेसी राज्याचं आवडलं. त्यांनी १९९७ साली रेघ ओढली ती मालक कोण यावर नव्हे, तर फीमध्ये मदत कोण देतं यावर. जी खासगी शाळा खेळणाऱ्या पोरांना फीची मदत देते तिनं त्या वेगळ्या गटात जावं. जी देत नाही तिनं सरकारी शाळांसोबत खेळावं. तिथलं सगळं आपल्याकडं उचलून आणायला मी सांगत नाही. आपल्या तालुक्यात एवढे संघ तरी कुठं आहेत गट पाडायला? पण रेघ कुठं ओढायची हे त्या लोकांना बरोबर कळलं.

कारण तुमचा घाव तोच आहे. तुमच्या पोरी 'खासगी' शाळेकडून हरल्या म्हणून रडल्या नाहीत. कालच्या मैत्रिणी समोर दिसल्या म्हणून रडल्या.

इथं माझं एक पाप सांगून टाकते. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत शेजारच्या गावातली एक मुलगी मी माझ्या शाळेत आणली होती. काय पळती होती तिची! एकेरी साखळी, म्हणजे बसलेल्या पोरींमधून नागमोडी पळणं, अशी धरायची की समोरच्या पोरींना दम लागायचा पण ती हाताला लागायची नाही. मी तिच्या घरी गेले, आईशी बोलले, वह्या-पुस्तकं आणि बसच्या पासाची सोय केली, आणि दाखला काढून आणला. मला वाटलं, पोरीचं भलं केलं. भलं झालंही. पण पुढच्या वर्षी झोनला त्या शेजारच्या शाळेचा संघच आला नाही. विचारलं तर त्यांच्या बाई म्हणाल्या, "नऊ जणी होत नाहीत." खो-खोला मैदानात नऊ लागतात, यादीत बारा. चाळीस मुलींच्या शाळेत पळणाऱ्या दहा-अकराच असतात. त्यातली पुढारी काढून नेली की दुसरी म्हणते मी नाही येत, तिसरीचे बाबा म्हणतात आता कशाला. मी एक मुलगी आणली होती, संघ मात्र अख्खा मोडला. त्या बाई नंतर कित्येक वर्षं माझ्याशी धड बोलल्या नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

मी तर अनुदानित मराठी शाळेतच होते. ओढाओढी करायला खासगी असावं लागत नाही.

कुणी म्हणेल, बेळगावच्या लष्कराच्या मराठा सेंटरची बॉईज स्पोर्ट्स कंपनी आपल्या तालमीतली पोरं कुस्तीसाठी नेते तेव्हा आपण हार घालतो, पेढे वाटतो. मग शाळेनं नेलं तर बोंब का? प्रश्न वाजवी आहे. फरक एवढाच की सेंटरमध्ये गेलेलं पोर दुसऱ्या महिन्यात तुमच्याच संघाविरुद्ध उभं राहायला तालुक्याला येत नाही.

आता त्या खासगी शाळेच्या बाजूनंही थोडं बोलते, कारण तुम्ही न्याय विचारलाय. हारजीत फोडाफोडीनंच ठरली असं मी मानणार नाही. जून ते ऑगस्ट तुमच्या पोरी काय करत होत्या? मला माहीत आहे. भाताची लावणी. डोक्यावर इरलं किंवा प्लास्टिक, गुडघाभर चिखल, संध्याकाळी म्हशींचं बघायचं. तिकडं कणकुंबी-जांबोटीकडं पावसाळ्यात शाळेचं मैदान म्हणजे तळं. खांब रोवले तर दुसऱ्या दिवशी कलंडलेले. आणि नेमक्या याच दिवसांत झोन आणि तालुक्याच्या स्पर्धा लागतात. त्याच दिवसांत त्या शाळेच्या पोरी पत्र्याच्या शेडखाली कोरड्या जमिनीवर सूर मारायला शिकत होत्या आणि त्यांच्या मागं पगारी प्रशिक्षक उभा होता. यात त्यांनी गुन्हा काही केला नाही. तुमच्याकडं शेड नाही हा त्यांचा दोष नव्हे, आणि तुमचाही नव्हे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, त्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं आणि खेळाचं साहित्य हवं असं स्पष्ट लिहिलंय. तो आठवीपर्यंतच लागू, पण तुमची मुलगी आठवीतच आहे, नाही का?

आणि चांगल्या संघाशी हरण्यातही काही मिळतं. माझ्या पोरी एकदा शहरातल्या एका कॉन्व्हेंटकडून अशा हरल्या की गुण लिहिणाऱ्यानं मला विचारलं, दुसरा डाव खेळायचा का? बसमध्ये सगळ्या गप्प. एकटी मात्र सारखं विचारत होती, "बाई, ती खांबाला हात धरून अशी फिरून बाद कशी करती ओ?" तिनं ते एकदाच बघितलं होतं. गावी आल्यावर देवळासमोरच्या खांबावर रोज सायंकाळी तेच. पुजारी माझ्याकडं तक्रार घेऊन आला. पुढच्या वर्षी आम्ही त्याच शाळेशी पुन्हा हरलो, पण दोन गुणांनी. वेगळ्या गटात असतो तर ती पोर खांबावरचा तो डाव बघणार कुठं होती? तेव्हा मोबाइलवर खेळ बघायची सोय नव्हती.

म्हणून माझं उत्तर, एकत्रच खेळा. पण निवेदन द्याच. आत्ता आहे ते फाडून नवं लिहा. काय लिहायचं ते सांगते.

पहिली आणि मुख्य मागणी दाखल्याची. एका हायस्कुलातून दाखला काढून दुसऱ्या हायस्कुलात गेलेल्या मुला-मुलीनं पहिलं एक वर्ष नव्या शाळेकडून सांघिक खेळ खेळू नये. धावणं, उड्या, थाळीफेक वगैरे खुशाल खेळावं, त्यात कुणाचा संघ मोडत नाही. आईवडिलांची बदली झाली, घर खरंच हललं, जुन्या शाळेत पुढचा वर्ग नाही, अशांना सूट. सातवीतून आठवीत जाताना शाळा बदलते तो तर प्रश्नच नाही. अमेरिकेत कितीतरी राज्यांत शाळा बदलली की वर्षभर बाहेर बसवतात, म्हणजे हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नव्हे. आणि तपासायलाही सोपं. आपल्याकडं प्रत्येक मुलाला एसएटीएस नंबर (राज्याच्या शिक्षण खात्याचा विद्यार्थी क्रमांक) आहे, दाखल्याची नोंद त्यात होते. कुठली पोर कुठल्या शाळेत कुठल्या तारखेला दाखल झाली ते ऑफिसात बसल्या जागी दिसतं. खेळाडूंच्या यादीत प्रत्येकीपुढं तो नंबर आणि दाखल झाल्याची तारीख लिहायची सक्ती करा म्हणावं. वयाची लबाडीही त्यातच सापडेल. तिच्याबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण सतरा वर्षांखालच्या सामन्यात मिशा फुटलेले गडी मी बघितलेत, आणि ते सगळे खासगी शाळांचेच होते असंही नाही.

ही मागणी सरकारी, अनुदानित, विनाअनुदानित सगळ्यांना सारखीच लावा. मग साहेबांना 'तुम्ही इंग्लिश मीडियमच्या विरोधात आहात' किंवा 'मराठीवाल्यांचं नेहमीचंच' असं म्हणून कागद बाजूला सारता येणार नाही.

दुसरी मागणी, निदान दोन सामने. आज होतं काय? झोनला संघ जातो, सकाळी साडेदहाला एक सामना, हरला की वडापाव खाऊन परत. वर्षभराचा खो-खो एका तासात संपला. पहिल्या फेरीत हरलेल्या संघांचा त्याच दिवशी, त्याच मैदानावर आपापसात दुसरा सामना लावायला फार तर दोन तास जास्त लागतील. तुमच्या पोरींना तालुक्याची फायनल मिळाली म्हणून तुम्हाला हे जाणवलं नसेल. झोनला तुम्ही ज्यांना हरवलंत त्यांच्या आईबापांना विचारा.

तारखांचंही लिहा. राज्याचं वेळापत्रक आपल्या हातात नाही, पण झोनची तारीख तालुक्यातले लोकच बसून ठरवतात. पश्चिम भागातल्या झोनला लावणी उरकल्यावरची तारीख द्या, एवढं मागायला लाजू नका.

पीटी शिक्षकाच्या रिकाम्या जागेबद्दल वेगळा अर्ज करा, यात मिसळू नका. ते प्रकरण वर्षानुवर्षं चालणारं असतं आणि त्याच्या नावाखाली बाकीच्या मागण्याही अडकून पडतात.

राहता राहिली तुमची सही. नव्या निवेदनावर ती करायची का, याची परीक्षा सोपी आहे. दाखल्याचा नियम उद्या लागू झाला आणि तुमची लेक त्या शाळेत गेली, तर नववीचं अख्खं वर्ष ती खो-खो बाहेरून बघेल. हे मान्य आहे? असेल तर डोळे मिटून सही करा आणि मग तिला पाठवलंत तरी गावापुढं मान खाली घालायचं कारण नाही. मान्य नसेल तर सही करू नका, आणि विचारणाऱ्यांना का करत नाही तेही तोंडावर सांगा. चार दिवस बोलतील.

आता ती 'फुकट' शाळा. पाठवूच नका असं मी म्हणणार नाही. तुमच्या बायकोला जे दिसतंय ते खरं आहे. दोन एकर भातावर पोरीला इंग्लिश मीडियम आणि हॉस्टेल तुम्ही देऊ शकणार नाही. पण घरी आलेल्या सरांनी जे तोंडी सांगितलं ते शाळेच्या कागदावर, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानं मागा. फी माफी नववीपुरती की दहावी संपेपर्यंत? गुडघा दुखावला, खेळ बंद झाला, तर हॉस्टेल राहणार की पोरीला पेटी घेऊन परत पाठवणार? खो-खोच्या गुडघ्याचा काही भरवसा नसतो, सूर मारून मारून मीच आज जिना चढताना कठडा धरते. हॉस्टेलात रात्री मुलींजवळ बाईमाणूस कोण असतं? घरी किती दिवसांनी सोडतात? लेखी द्यायला ते कां कूं करायला लागले तर तिथंच उत्तर मिळालं म्हणून समजा.

आणि दहावी. हे तुमच्या पत्रात कुठंच नाही, म्हणून जरा सविस्तर. दहावीला १२५ मार्क एकट्या प्रथम भाषेचे. आज तुमच्या मुलीची प्रथम भाषा मराठी आहे, ते १२५ तिच्या हक्काचे. इंग्लिश मीडियमला गेली की प्रथम भाषा बहुधा इंग्रजी नाहीतर कन्नड होणार, शिवाय गणित-विज्ञान एकदम इंग्रजीतून, तेही नववीत, दहावीला धड दोन वर्षंही उरलेली नसताना. हुशार पोरी निभावतात. पण सकाळ-संध्याकाळ सराव, सामन्यांचे दिवस वेगळे, आणि त्यात हे. माझ्या ओळखीच्या दोघी अशाच गेल्या होत्या. एकीचं चांगलं झालं. दुसरी दहावीला गणितात अडकली आणि खो-खोही सुटला.

खेळातून पुढं काय मिळतं ते पोरीला खोटं सांगू नका. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या मुलांनी आणि मुलींनीही जिंकला. मुलींच्या संघात म्हैसूर जिल्ह्यातल्या कुरुबूर गावची चैत्रा होती, शेतकऱ्याची पोर. महाराष्ट्र सरकारनं आपल्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी आणि नोकरी जाहीर केली, आणि कर्नाटकानं चैत्राला आणि मुलांच्या संघातल्या गौतमला पाच-पाच लाख देऊ केले. दोघांनी ते घेतले नाहीत, आम्हालाही त्यांच्याएवढं द्या म्हणाले. (सीमेच्या अलीकडं-पलीकडं काय फरक पडतो असं आपल्याला कुणी विचारलं तर आता आपल्याकडं आकडाही आहे.) विश्वचषक जिंकलेल्यांची ही गत. तेव्हा खो-खोच्या जिवावर दहावी वाऱ्यावर सोडायची नाही.

खासगी शाळा हीच एक वाट आहे असंही नाही. राज्याच्या युवजन सबलीकरण आणि क्रीडा खात्याची क्रीडा वसतिगृहं आहेत, त्यातलं एक बेळगावातच. निवड चाचणी देऊन प्रवेश मिळतो, राहणं, जेवण, प्रशिक्षण सरकारचं, आणि तिथं राहून मूल शाळेत जातं. तुरमुरीची मलप्रभा जाधव त्याच वाटेनं गेली. बेळगाव तालुक्यातलं खेडं, घरची शेती, आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराशमध्ये (जूदोसारखी कुस्ती) ५२ किलो गटात कांस्यपदक. ती जूदोतली, तुमची खो-खोतली, पण पळणाऱ्या, चपळ, न घाबरणाऱ्या पोरीला दुसरा खेळही पटकन येतो. चाचणी कधी, कुठल्या खेळाची, हे बेळगावच्या क्रीडा खात्याच्या ऑफिसात जाऊन विचारा. मुलीला सोबत न्या. ११ जून २०२३ पासून राज्यात बायका-मुलींना सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट आहे, तिकीट तेवढं तुम्हाला काढावं लागेल.

त्यावरून आठवलं. मुलींच्या संघाला आता जाण्यायेण्याचा खर्च नाही. मग घरी आलेल्या त्या सरांनाच एक गोष्ट विचारून बघा. महिन्यातल्या एका रविवारी आमच्या शाळेच्या पोरी तुमच्या शेडमध्ये तुमच्या संघाशी खेळायला येतील, चालेल का? हो म्हणाले तर माणूस खेळाचा आहे, आणि तुमची लेक गावातच राहूनही कोरड्या जमिनीवर तयार होईल. नाही म्हणाले तर त्यांना पोरगी कशासाठी हवी होती तेही कळेल. मुलांच्या संघाला मात्र अजून तिकिटासाठी वर्गणीच काढावी लागणार, त्याला माझ्याकडं इलाज नाही.

आता एक तक्रार माझी. तुमच्या पत्रात गाव काय म्हणेल ते आहे, बायको काय म्हणते ते आहे, सर काय म्हणाले तेही आहे. तुमच्या लेकीचं एक वाक्य नाही. तेरा वर्षांच्या पोरीला मत नसतं असं समजू नका. तिला विचारा, पण सगळ्यांसमोर नको. म्हशींना पाणी दाखवायला दोघंच गेलात की विचारा. मैत्रिणी सोडून जाशील का, मराठी सोडून इंग्रजीत अभ्यास करशील का, आणि त्या तिघी समोर उभ्या होत्या तेव्हा तुला काय वाटलं? कदाचित तिला तिथं जायचंच असेल. कदाचित पुढच्या वर्षी त्यांना हरवायचं असेल. दोन्ही उत्तरं चांगली आहेत, पण ती तिच्या तोंडून यायला हवीत. आणि नववीत इथंच राहून हरवायचं म्हणाली तर गणिताच्या सरांना माझा निरोप द्या, शिट्टी वाजवायला या वयात मीही येईन, दोन-तीन शनिवार.

नवा मसुदा लिहून झाला की मला पाठवा, एकदा नजर टाकून देते. ऑफिसात कन्नड प्रत लागेल, ती तुमच्या शाळेतल्या कन्नडच्या बाईंकडून करून घ्या, दुकानातून करून आणली तर 'खो-खो'चं काय होईल सांगता येत नाही. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक नंबर मारून घ्या, आणि पोच हातात पडेपर्यंत बाकावरून उठू नका.